बंद इंजिनाचा उतार

आवाज करत येणाऱ्या मोटारीची भीती मला कधीच वाटली नाही. आवाज आला की मोटार कुठं आहे ते कळतं, माणूस बाजूला होतो. आमच्या आळीला भीती होती ती गुपचूप येणाऱ्या मोटारीची. साताऱ्यात आमचं घर उताराच्या आळीत होतं. वर नाक्यावर सर्व्हिस मोटारींचा अड्डा, खाली मोठी सडक आणि मधे हा घसरगुंडीसारखा रस्ता, निम्म्यावर एकदम उजवीकडं वळणारा. लढाईचे दिवस होते. पेट्रोल बघायला मिळत नव्हतं, म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली असायची आणि त्या धुरावर त्या कशाबशा चालायच्या. चढाला तर पाशिंजरांनी उतरून ढकलायची पाळी. मग मालकांनी काय हुकूम काढला, तर उताराला कोळसा जाळायचा नाही. डायवर लोक नाक्यावर इंजिन बंद करायचे आणि गाडी मोकळी सोडायचे. खाली सपाटीला पोचता पोचता त्याच वेगात इंजिन पुन्हा धरायचं. मधल्या उतारावर नुसता सूं असा वारा यायचा, आणि तो वारा कशाचा हे कळेपर्यंत मोटार दारात. सांगलीला जाणारी सकाळची मोटार चालवायचे आमचे दादा, म्हणजे माझे वडील.

घर म्हणजे रस्त्याला लागून दोन खोल्या. उंबऱ्यातून पाय काढला की एक पायरी आणि मग सडकच. पाण्याचा हौद सडकेपलीकडं, वळणाच्या अलीकडं. म्हणजे तहान लागली तरी रस्ता ओलांडायचा आणि भांडी घासायची तरी रस्ता ओलांडायचा. पहाटे आई भाकऱ्या थापायला बसायची. पिठाच्या परातीवरचा तो थप थप आवाज, तव्यावर मिरच्या परतल्या की लागणारा ठसका, दादांचं खोकणं, पलीकडच्या आळीतून येणारी बांग, हे सगळं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. दादा फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा बांधून घ्यायचे, देवाला हात जोडायचे आणि वर नाक्याकडं जायचे. ते गेले की आई तव्याखालचा जाळ ओढून घ्यायची आणि दाराशी येऊन बसायची. दादांची मोटार उतरून खाली गेली की मगच ती उरलेल्या भाकऱ्या करायची. आम्हाला रोज निम्म्या भाकऱ्या गरम आणि निम्म्या गार मिळायच्या, आणि असं का म्हणून आम्ही कधी विचारलं नाही.

आईच्या जिवाला घोर होता तो माझ्या धाकट्या बहिणीचा, गोदीचा. गोदी लहान असताना तापानं फणफणली होती. ताप उतरला आणि कान घेऊन गेला. बोलणंही हळूहळू गेलं, नुसते घशातले दोन-तीन आवाज राहिले. पोरगी मात्र लय चलाख. नजर अशी, की आईनं डब्यात गुळाचा खडा ठेवला तर तो कुठल्या डब्यात आहे हे तिला आईच्या पाठीवरूनच कळायचं. पण सडकेला नजर एका बाजूला असते आणि मोटार दुसऱ्या बाजूनं येते. आईनं तिच्या परकराला लुगड्याचा काठ फाडून बांधला होता आणि त्याचं टोक स्वतःच्या कमरेला खोचून ती कामं करायची. शेजारपाजारच्या बाया हसायच्या. "आवं, शेरडी हाय व्हय ती बांधून ठेवायला?" आई म्हणायची, "शेरडी असती तर दावं सुटल्यावर वरडली तरी असती."

कधी कधी रात्री जेवताना विषय निघायचाच. आई म्हणायची, "तुमी तेवढं इंजिन चालू ठिवून उतरा की." दादा भाकरीचा तुकडा हातात धरून बसायचे. "मालकानं कोळसा मोजून दिलाय. चालू ठिवली तर कराडाच्या पुढं गाडी थांबंल. मग उद्या चाकावर दुसरा बसंल, आन् तो काय वळणावर गोदी हाय म्हनून दम धरंल व्हय?" इकडं आड, तिकडं विहीर. दादा वाईट नव्हते. ते आमच्या दारावरून जाताना भोंगा वाजवायचे, जोरजोरात, आणि गोदी आपली जोत्यावर बसून रस्त्यावरच्या मुंग्या बघत असायची.

आता मी सांगलीत मुलाकडं राहते. नातू सकाळी फटफटीवर कुपवाडला कारखान्यात जातो तो कानात बोंडं घालून, गाणी ऐकत. मी एकदा म्हटलं, "मेल्या, देवानं धड कान दिलेत ते बुजवून कशाला निघालास?" तर हसून म्हणतो, "आजी, तू फार घाबरतेस." होय बाबा, घाबरते. घाबरण्यात माझा जन्म गेलाय.

तर त्या लढाईच्या दिवसांत एका सकाळी लोहाराची नवी सून मोटारीखाली गेली. डोईवर घागर होती. घागर असली की मान वळत नाही. दुसऱ्या कुठल्या गावाकडं जाणारी मोटार होती, इंजिन बंद, आणि डायवरनं भोंगाही दिला नाही. घागर घरंगळत खालच्या सडकेपर्यंत गेली, तिचा तो टणटण आवाज मी ऐकला, आणि नंतर बायकांचा आकांत. तिच्या अंगाची हळद अजून उतरली नव्हती. आईनं गोदीला उचलून आत नेलं आणि दाराला कडी लावली. दिवसभर आम्ही अंधारात बसलो. संध्याकाळी दादा सांगलीहून परत आले, त्यांना नाक्यावरच कळलं होतं. ते घरात येऊन भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "माझी गाडी न्हवती." कुणी त्यांना विचारलं नव्हतं. रात्री पुन्हा एकदा तेच म्हणाले.

आता काहीतरी करायला पाहिजे हे सगळ्यांनाच पटलं, पण करायचं कसं? चळवळीचे दिवस. चार माणसं एका जागी दिसली की पोलीस येऊन नावं विचारायचे. आमच्या आळीतली दोन पोरं आधीच आत होती. आळी आमची हिंदूंची, हौदापलीकडची मुसलमानांची, आणि दोन्हींच्या मधे हा रस्ता. बैठक भरवायची तर कुणाच्या घरात? तोड काढली ती अमीनाखालानं. ती बांगड्या भरायची, दोन्ही आळ्यांतल्या प्रत्येक बाईचा हात तिला पाठ होता. म्हणाली, "पाण्याच्या रांगेला कोण पोलीस काय म्हणतोय? घागरी घ्या आन् हौदावर या." दुसऱ्या दिवशी हौदावर असली रांग लागली की विचारू नका! आयुष्यात कधी घागरीला हात न लावलेले बाप्ये कमरेवर घागर घेऊन उभे. बागवान, लोहार, तालमीतला वस्ताद आणि सगळ्यांच्या पुढं हवालदारआबा. हे आबा मागच्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, एक पाय किंचित ओढत चालायचे आणि हुकमाशिवाय बोलायचे नाहीत. बायकांचं हसू आवरेना. पण त्या हसण्याखाली प्रत्येकजण वरच्या नाक्याकडं बघत होता.

तिथं ठरलं ते असं. वरच्या नाक्यावर एकानं उभं राहायचं, वळणावर दुसऱ्यानं. मोटार सुटली की वरच्यानं खूण करायची, ती बघून वळणावरच्यानं रस्ता मोकळा करायचा. पाळी दोन्ही आळ्यांची. आबा म्हणाले, "ढोल वाजवू." आई कधी बाप्यांत बोलायची नाही, ती रांगेतूनच म्हणाली, "ढोल माझ्या पोरीला कसा ऐकू यायचा?" मग निशाण ठरलं, पण निशाण कसलं? तिरंगी म्हणजे तुरुंग, भगवा म्हणजे ही आळी, हिरवा म्हणजे ती आळी. अमीनाखालानं आपली पांढरी ओढणी पुढं केली. आबांनी आणखी एक काढलं. रस्त्याच्या कडेनं दगड मांडून त्यांना चुना लावायचा, माणसांनी दगडांच्या आतून चालायचं, मोटारींनी बाहेरून. पहाटे सगळ्यांनी मिळून दगड वाहिले. मी आणि गोदीनं चुन्याची बादली धरली होती. गोदीच्या नाकाला चुना, वस्तादांच्या मिशीला चुना. खूप दिवसांनी आई रस्त्यावर हसताना दिसली.

आणि इथंच आमच्या लोकांनी माती खाल्ली. वळणावरचा दगड होता जरा मोठा, उभट. पांढराशुभ्र, कोवळ्या उन्हात चमकणारा. आता उभट पांढरा दगड रस्त्याच्या वळणावर दिसला तर आपला माणूस त्याला दगड म्हणून राहू देईल का? तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्यावर शेंदराचं बोट उमटलं. मग हळद-कुंकू. कुणी म्हणालं, लोहाराची सून गेली ती जागा, म्हसोबा जागा झाला. पलीकडच्या आळीतून कुणीतरी येऊन हिरव्या कापडाचा तुकडा घातला आणि उदबत्ती लावली. भांडण नाही, तंटा नाही. दोघांचाही देव एकच दगड. मोठी माणसं खूष झाली. आबा म्हणाले, "बेस झालं. देव दिसला की डायवर आपसूक दमानं घेत्याल."

दादांनी मात्र त्याच दिवशी मान हलवली. हौदावर जाऊन म्हणाले, "आवं आबा, देव दिसला की डायवरचा हात आदी कपाळाला जातो. आन् त्या वळणाला दोन्ही हात चाकावर पायजेत."

"मग तू नको करू नमस्कार," आबा म्हणाले.

"मी न्हाई केला तर पाशिंजर काय म्हनत्याल? आन् माझ्या मनाला काय वाटंल?"

आबा हसले. "लका, देवाला भितोस आन् मोटारीला भीत न्हाईस व्हय!" सगळे हसले. दादाही कसनुसं हसले. देवाला हलवा म्हणायची छाती कुणाची होणार? त्यांचीही झाली नाही.

देव आला आणि राखण करणारी माणसं सैल पडली. वळणावरची पाळी चुकू लागली. "म्हसोबा हाय की," असं म्हणून माणसं दगडांच्या बाहेरून बिनघोर चालू लागली. पूजेला बाया वळणावरच घोळका करून उभ्या राहायच्या, रस्त्याकडं पाठ करून. खरं सांगते, आमच्या आईनंही गोदीच्या परकराचा काठ सोडला. इतके दिवस तिनं एकटीनं पोर राखली होती. आता तिला वाटलं, आपल्याहून मोठा कुणीतरी राखतोय. मला काही ते बरं वाटत नव्हतं. गोदी रोज सकाळी फुलं घेऊन देवाला जायची आणि ती परत उंबऱ्यात येईपर्यंत मी श्वास धरून उभी राहायची.

त्या सकाळी मी पायरीवर राखेनं तांब्या घासत होते. आई आत भाकऱ्या थापत होती. वर नाक्यावर आबांची ओढणी हलली. सांगलीची मोटार. वळणावरच्या बाया भराभर बाजूला झाल्या, सगळ्या जणी. एक गोदीच तेवढी देवापुढं उकिडवी बसून फुलं मांडत होती, पाठ उताराकडं. कुणाला वाटलं दुसरी ओढील, दुसरीला वाटलं तिसरी. मी ओरडले. काय उपयोग! मी तांब्या टाकून धावले आणि माझ्या अंगावरून वारा गेला, तो सूं करणारा. मोटार माझ्या पुढं गेली. काचेतून मला दादांचा हात दिसला. तो कपाळाला लागलेला होता.

मग त्यांना गोदी दिसली असणार. मोटार एकदम डावीकडं झुकली, पाशिंजरांची एकच किंकाळी उठली, पुढचं चाक हौदाच्या जोत्यावर चढलं आणि मागचा भाग गर्रकन फिरला. पाठीवरची भट्टी देवावर आदळली. दगड मधोमध दुभंगला. लाल निखारे रस्त्यावर सांडले, कुंकवावर, फुलांवर. गोदी त्या दगडापासून हातभर अंतरावर बसली होती. अंगाला धग लागली तेव्हा तिनं मागं वळून बघितलं. मी जाऊन तिला मिठी मारली. आई दारातून पिठाच्या हातानं आली आणि तिनं गोदीच्या सगळ्या अंगावरून हात फिरवला, तोंड, मान, पोट, पाय, पुन्हा पुन्हा. पोर पिठानं पांढरी झाली. दादा चाकावरच बसून होते. दोघा-तिघांनी धरून त्यांना खाली उतरवलं.

पाशिंजरांना खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. पण देव फुटला होता, आणि ते सगळ्यांत मोठं संकट झालं. बाया कुजबुजायला लागल्या, आता आळीवर कोप येणार. आईचं तर धाबंच दणाणलं. ज्या मोटारीनं देव फोडला ती तिच्या नवऱ्याची, जिच्यापायी फुटला ती तिची पोर. तिनं गावातला एक देव सोडला नाही. नारळ फोडले, पिराला खडीसाखर ठेवली. शेवटी अमीनाखाला आमच्या चुलीपाशी येऊन बसली आणि आईचा हात हातात धरून म्हणाली, "ए पोरी, रडतीस काय? दगड फुटला, पोरगी ऱ्हायली. आत कोण बसला होता त्यानं निवड केली न्हवं? मग त्याच्यापेक्षा तू शहाणी व्हय?" आईनं तेव्हा कुठं पदरानं डोळे पुसले.

आबांनी दुभंगलेला देव दोन्ही आळ्यांच्या माणसांबरोबर माहुलीला नेऊन कृष्णेत सोडला. येऊन म्हणाले, "चूक आपली हाय. राखायचं आपुन, आन् दिलं त्याच्यावर ढकलून." मग नवे दगड आले. या वेळी चुन्यावर बैलगाडीच्या वंगणाचे काळे पट्टे ओढले. वंगण फासलेल्या दगडाला कुंकू लावायला कुणी धजावलं नाही. आणि दोन्ही आळ्यांनी मालकाला निरोप धाडला की मोटार नाक्यावर थांबली पाहिजे, इंजिन चालू ठेवून उतरली पाहिजे आणि मोटारीपुढं आमचा माणूस निशाण घेऊन चालत जाईल, त्याच्या पावलानं. नाहीतर आमच्यातला एक पाशिंजर बसणार नाही आणि बागवानांची एक पाटी टपावर चढणार नाही. मालक चिडला, पोलिसांची भीती घातली. पण बाया रोज घागरी घेऊन हौदावर उभ्याच, आणि मोटारी रिकाम्या. शेवटी त्यानं मान तुकवली आणि कोळसाही वाढवून दिला.

दादा तोवर घरी बसून होते. मालकाचा सांगावा आला, "उद्या येतोस का दुसरा बसवू?" दुसरा म्हणजे लोहाराची सून जिच्याखाली गेली त्या मोटारीचा डायवर. हे ऐकून दादा उठले. सकाळी नाक्यावर सगळी जमली. मोटार धडधडत उभी होती, आबा ओढणी घेऊन पुढं, दादा चाकावर. आबांनी हात केला. मोटार हलेना. दादांनी चाकावर डोकं टेकवलं होतं. "न्हाई जमायचं," ते म्हणत होते, "माज्या म्होरं कुनीबी चालू नका. माजा हात न्हाई आता खरा." आबा समजावत होते, क्लीनर समजावत होता, मालक घड्याळ बघत होता. गोदी आईच्या शेजारी उभी होती. तिला काय कळलं, कितपत कळलं, मी कधीच सांगू शकले नाही. तिनं आईच्या हातातून आपला हात सोडवला, जाऊन आबांच्या हातातली ओढणी घेतली, मोटारीपुढं उभी राहिली आणि बापाकडं पाठ केली.

आईनं हंबरडा फोडला. अमीनाखालानं तिला कवळ घालून धरलं नसतं तर ती चाकाखालीच गेली असती. दादांनी डोकं वर केलं. काचेपलीकडं दोन वेण्या आणि वर धरलेली पांढरी ओढणी. गोदी चालायला लागली. मोटारही हलली. सगळी आळी भिंतीला चिकटून बघत होती, कुणाच्या तोंडून शब्द नाही. इंजिन एवढं धडधडत होतं की माझ्या पायाखालची जमीन हादरत होती, आणि तिच्या पाठीशी ते चाक, एक वाव, म्हणजे दोन पसरल्या हातांएवढ्या अंतरावर. आई दगडांच्या आतून बरोबरीनं धावत होती, तिचा पदर रस्त्यावर लोळत होता, आणि ती म्हणत होती, "गोदे, एकदा मागं बघ गं. एकदा तरी बघ!" गोदीनं बघितलं नाही. आमचं दार गेलं, हौद गेला, वळण गेलं. खाली सपाटीला पोचल्यावर ती कडेला झाली, आबांसारखी ताठ उभी राहिली आणि हात लांब करून तिनं बापाला पुढं जायची खूण केली.